घर कोणाकडून तपासून घ्याल? नाशिकच्या घर-खरेदीदारांना खुले पत्र

नाशिक शहरात आणि उपनगरांत घर घेऊ पाहणाऱ्या सर्व कुटुंबांना,

स.न.वि.वि.

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा जवळ आला की नाशिकमध्ये घरांचे सौदे ठरू लागतात. सौद्याआधी बहुतेक जण वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतात, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड पाहतात, बँकेने कर्ज मंजूर केले की निर्धास्त होतात. कागद तपासायलाच हवेत. पण ज्या स्लॅबखाली पुढची तीस वर्षे राहायचे, तो स्लॅब कोणी ठोकून पाहत नाही. एजंटबरोबर अर्ध्या तासाची चक्कर, एखादा नळ सोडून पाहणे, आणि इसार. या इसाराच्या आधी घर जाणकाराकडून तपासून घ्या, आणि तो जाणकार नीट पारखून निवडा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. आम्ही हेच काम करतो, म्हणून पुढचे सगळे प्रश्न आम्हालाही विचारावेत.

अडचण अशी की आपल्या देशात घर तपासणाऱ्यासाठी वेगळा परवाना नाही. वकिलाला सनद लागते, वायरमनला परवाना लागतो. 'होम इन्स्पेक्टर' असे कार्ड मात्र कोणीही छापू शकतो. त्यामुळे कार्डावरचा हुद्दा बाजूला ठेवून मूळ पात्रता विचारावी लागते, आणि कोणती पात्रता कोणत्या घराला लागते हे आधी समजून घ्यावे लागते.

बँकेचा व्हॅल्युअर घर पाहून जातो, तेव्हा तो बँकेच्या एका प्रश्नाचे उत्तर शोधत असतो: कर्ज थकले तर या मालमत्तेचे किती पैसे उभे राहतील? बाथरूमच्या सनकमध्ये (फरशीखालच्या खोलगट स्लॅबमध्ये) पाणी साचले आहे का, हे त्याच्या कामात येत नाही. त्याच्या अहवालाला तुमची तपासणी समजू नका. आर्किटेक्टचा उपयोग मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांचा मेळ घालायला होतो. बाल्कनी बंद करून खोलीत घेतली आहे का, सामासिक अंतरात (इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत) शेड काढली आहे का, भोगवटा दाखला नेमक्या किती मजल्यांचा आहे, हे तो चांगले सांगेल. त्याची नोंदणी १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली असते आणि नोंदणी क्रमांक 'सीए'ने सुरू होतो. तो मागून घ्या. वास्तुशास्त्राचा सल्लागार दिशा पाहतो, ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी त्याला जरूर बोलवावे, पण त्याच्या भेटीने बांधकामाची तपासणी झाली असे होत नाही.

ताबा मिळायच्या बेतात असलेल्या नव्या फ्लॅटसाठी साइटवर फिनिशिंग आणि प्लंबिंगचे काम करून घेतलेला स्थापत्य अभियंता पुरतो. सोबत परवानाधारक वायरमन असावा. पंधरा वर्षांवरची इमारत, मूळ घरावर मजले चढवलेले रो-हाऊस, किंवा कॉलमला गंजाच्या भेगा दिसत असतील, तर महापालिकेकडे नोंदणी असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा. त्याचा नोंदणी क्रमांक नगररचना विभागात जाऊन पडताळता येतो. सिव्हिलची पदवी आहे म्हणजे स्ट्रक्चर कळते असे गृहीत धरू नका. आयुष्यभर रस्त्यांची कामे केलेला अभियंता तुमच्या बीमवरच्या भेगेबद्दल ठामपणे बोलू शकणार नाही, आणि तो प्रामाणिक असेल तर तसे सांगेलही.

पात्रतेइतकाच महत्त्वाचा प्रश्न पैशांचा आहे. तपासणाऱ्याला पैसे कोण देतो? फक्त तुम्ही दिले पाहिजेत. एजंटने सुचवलेला, विकणाऱ्याच्या ओळखीचा किंवा बिल्डरच्याच दुसऱ्या साइटवर सल्लागार असलेला माणूस कितीही हुशार असला, तरी या कामाला नको. वॉटरप्रूफिंग कंपनीची 'मोफत तपासणी' तर टाळाच. ज्याला केमिकलच्या कोटिंगचे काम मिळवायचे आहे, त्याला प्रत्येक भिंतीत ओल दिसते, आणि नळाच्या गळक्या जोडावर सुटणाऱ्या दुखण्यासाठी तो अख्ख्या टेरेसचे कोटेशन देतो. मोफत कामाला आणखी एक धोका आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागायची तर ती सेवा मोबदला देऊन घेतलेली असावी लागते. फुकट दिलेल्या सल्ल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात उभे राहता येत नाही. म्हणून फी द्या, आणि नाव, नोंदणी क्रमांक, घराचा पत्ता आणि तारीख असलेली पावती घ्या. जो तपासतो त्याने दुरुस्तीचे काम घ्यायचे नाही, ही अट पहिल्या फोनमध्येच सांगून टाका. एजंटची एक टक्का दलाली धरली तरी पन्नास लाखांच्या घरावर ती पन्नास हजार होते. ती देताना हात आखडत नाही, मग तपासणीच्या फीवर घासाघीस करणे आम्हाला पटत नाही.

आता माणूस समोर आल्यावर त्याला ओळखायचे कसे. जुन्या कामाचा एक अहवाल मागा, मालकाचे नाव आणि पत्ता झाकून. त्यात 'भिंतीत ओल आढळली, योग्य ती दुरुस्ती करावी' अशी वाक्ये असतील तर तो माणूस नको. चांगल्या अहवालात कोणत्या खोलीची कोणती भिंत, जमिनीपासून किती उंचीवर, ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरचे वाचन किती, त्याच घरातल्या कोरड्या भिंतीचे वाचन किती आणि पाण्याचा संभाव्य स्रोत कोणता, हे लिहिलेले असते. कोरड्या भिंतीशी केलेली तुलना फार मोलाची असते. मॉइश्चर मीटर लोण्याच्या, म्हणजे भिंतीवर फुटणाऱ्या पांढऱ्या थराच्या, क्षारांनी आणि गिलाव्यामागच्या जाळीनेही फसतो. एकटा आकडा काहीच सांगत नाही. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात मीटर असून उपयोग नाही.

हत्यारे भारी असण्यापेक्षा पुरेशी असावीत: ओळंबा, गुण्या, लेव्हल, लेझर टेप, टॉर्च, टाइल ठोकायची दांडी, मॉइश्चर मीटर, सॉकेट टेस्टर, शिडी. थर्मल कॅमेरा असला तर बरे, पण तो तापमानातला फरक दाखवतो, पाणी दाखवत नाही. उन्हाने तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी काढलेला फोटो दाखवून कोणी ओल सिद्ध करत असेल, तर सकाळी पुन्हा काढायला सांगा. साधा दोन बेडरूमचा फ्लॅट नीट पाहायला दोन ते तीन तास लागतात. वीस मिनिटांत आटोपणाऱ्याने तुमच्याइतकेच पाहिलेले असते.

जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअर चाचण्या सुचवेल. त्यांची थोडी ओळख असली तर कोण खरे बोलतो आहे ते कळते. रिबाउंड हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो; त्यावरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात पंचवीस टक्क्यांपर्यंत कमीजास्त होऊ शकते, असे भारतीय मानकच सांगते. केवळ हॅमरच्या आकड्यावर 'इमारत मजबूत' असा दाखला देणाऱ्यापासून लांब राहा. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगाने जातात ते पाहतात. सेकंदाला साडेतीन किलोमीटरपेक्षा कमी वेग आला तर आत पोकळी किंवा भेगा असण्याचा संशय धरायचा. काँक्रीटचा छोटा तुकडा फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन लावले की चांगले काँक्रीट गुलाबी होते. रंग आला नाही तेवढ्या खोलीपर्यंत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा क्षारधर्म संपवलेला असतो, आणि तिथे सळईला गंजापासून संरक्षण उरत नाही. ही स्वस्त चाचणी आहे, आणि तिचा उपयोग आम्हाला महागड्या यंत्रांपेक्षा जास्त वेळा होतो. कव्हर मीटरने सळईवर किती काँक्रीट (म्हणजे कव्हर) आहे ते कळते: काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे सौम्य हवामानात स्लॅबला २० मिलिमीटर आणि कॉलमला साधारण ४० मिलिमीटर. स्लॅबच्या खाली सळईची जाळी रेघांसारखी उमटलेली दिसली तर कव्हर खाल्ले गेले आहे, हे यंत्राशिवायही कळते. गंजलेली सळई मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागते, म्हणून कॉलमच्या कोपऱ्यावर सळईच्या रेषेत उभी भेग पडते आणि मग काँक्रीटचे पोपडे सुटतात. अशा भेगेवर पुट्टी मारून रंग दिलेला असतो. नवा रंग दिसला की तपासणाऱ्याने तिथे जास्त वेळ थांबायला हवे.

नाशिकच्या घरात त्याने नेमके काय पाहावे, हा आमच्या मते सर्वात महत्त्वाचा भाग आहे. बाहेरगावचा छापील नमुना घेऊन आलेला माणूस इथेच कमी पडतो.

पहिली गोष्ट जमीन. म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी या गावांच्या मळ्यांवर वसाहती उभ्या राहिल्या. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया मुरूम किंवा कातळापर्यंत नेला असेल तर इमारतीला काही होत नाही. पण अनेक रो-हाऊस आणि बंगल्यांत जोत्याच्या भरावात तीच काळी माती टाकलेली असते. मग कॉलम जागेवर राहतात आणि तळमजल्याची फरशी खचते किंवा मधोमध उचलली जाते, स्कर्टिंग आणि फरशीच्या मध्ये फट पडते, दारे घासू लागतात. तपासणाऱ्याने तळमजल्यावर लेव्हल लावलीच पाहिजे. पायऱ्यांसारखी तिरकी चढत गेलेली भेग भिंतीत दिसली तर खचण्याचा संशय धरायचा. वीटकाम आणि कॉलम यांच्या सांध्यातली सरळ उभी भेग बहुधा प्लास्टरखाली जाळी न बसवल्याने येते. ती फोडून, जाळी बसवून दुरुस्त होते. घाबरायचे कारण नाही. या दोन भेगांतला फरक जागेवर उभा राहून जो समजावून सांगतो, तो माणूस तुमच्या कामाचा.

नवीन नाशिकच्या सिडको घरांचा प्रश्न निराळा आहे. मूळ छोट्या घरांवर लोकांनी गरजेप्रमाणे एक-दोन मजले चढवले, काही ठिकाणी शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीवरच. खालचा पाया त्या वजनासाठी आखला होता का, वरच्या कॉलमची सळई खालच्या कॉलममध्ये नीट गुंतवली आहे का, की स्लॅबवरच नवा कॉलम उभा केला आहे? मूळ आणि वाढीव कामाचे नकाशे नसतील तर पायाशेजारी छोटा खड्डा घेऊन पाहिल्याशिवाय कोणीही खात्री देऊ नये. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांना तर माती, लाकूड आणि चुन्याचे काम कळणारा माणूस लागतो. तुळईचे भिंतीत गेलेले टोक सुई खुपसून पाहिले नाही तर वाडा तपासलाच नाही असे समजावे, कारण लाकूड कुजते ते तिथेच.

गोदावरी, नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांच्या काठावरचे घर असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहायला सांगा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सप्टेंबर २००८ चा पूर शहराने पाहिला आहे. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची जुनी खूण, मीटरची पेटी मुद्दाम वर उचललेली, लिफ्टच्या खड्ड्यात गाळ, या खुणा कागदापेक्षा लवकर बोलतात.

आणि पाऊस. घरातल्या तक्रारींपैकी मोठा वाटा पाण्याचा असतो. जमल्यास तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये करा. एप्रिल-मे मध्ये गळके घरही कोरडे ठणठणीत दिसते. उन्हाळ्यातच सौदा करायचा असेल तर पाणी घालूनच पाहावे लागते. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बोळा लावून इंचभर पाणी चोवीस तास कोंडायचे, पातळीवर पेन्सिलने खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटचे छत पाहायचे. म्हणजे तपासणी फक्त तुमच्या फ्लॅटची नसते. वरच्या मजल्यावरचे बाथरूम तुमच्या डोक्यावर आहे आणि तुमचे खालच्याच्या डोक्यावर. जुन्या सनक स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांच्या भरावात पाणी महिनोन्‌महिने साठत राहते, मग एक दिवस खालच्या बीमवर पोपडा दिसतो आणि भांडण सुरू होते. खालच्या शेजाऱ्याला 'वरून कधी गळले का' एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. पश्चिम आणि नैऋत्येकडच्या खिडक्यांवर बाहेरून पाइपने पाणी मारून स्लायडिंगच्या ट्रॅकमधून आत येते का ते पाहायचे. चज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर पाणी उलटे फिरून भिंतीत शिरते. ड्राय बाल्कनीचा उतार बहुतेकदा उलटा सापडतो; एक बादली पाणी ओतले की पुरे.

सगळ्यात वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर टेरेस पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. उतार मीटरला सुमारे एक सेंटिमीटर असावा, पॅरापेटच्या (कठड्याच्या भिंतीच्या) बुडाशी कोपऱ्यात भरलेला सिमेंटचा गोलाईचा वाटा अखंड असावा. कोब्यावर (विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरावर) दुसरा कोबा चढवलेला आहे का हे जरूर पाहा. शंभर मिलिमीटर ब्रिकबॅट कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जाते. जुना थर न काढता दुसरा टाकला की गळती काही वर्षे थांबते आणि स्लॅबवर कायमचा बोजा बसतो. वर दहा हजार लिटरची टाकी असेल तर तिचे नुसते पाणीच दहा टन.

आयएस १८९३ या भूकंपविषयक मानकाच्या २०१६ च्या नकाशाप्रमाणे नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते. खाली पार्किंग आणि वर चार-पाच मजले अशा इमारतीत पार्किंगचे कॉलम सगळ्यात महत्त्वाचे, कारण त्या मजल्यावर भिंतींचा आधार नसतो. गाड्या धुतल्याने या कॉलमचे बुड ओले राहते, पाइप नेण्यासाठी कोणी त्यांना टाचे मारलेले असतात. तपासणाऱ्याने फ्लॅटच्या आधी पार्किंगमध्ये फेरी मारावी, असा आमचा आग्रह आहे. कॉलमला नंतर जॅकेट (भोवती नवे आवरण) केलेले दिसले तर ते कोणत्या अहवालावरून केले, ते सोसायटीकडून मागा.

विजेचे थोडक्यात: तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का आणि त्याचे टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो का, गिझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची वायर आहे का, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त तर येत नाही ना. पाणी बोअरचे असेल तर जडपणा तपासून घ्या. मानकाप्रमाणे लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, ६०० ही शेवटची मर्यादा. लिफ्टचा परवाना आणि आगीच्या यंत्रणेचा दर जानेवारी-जुलैचा फॉर्म 'बी' (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र) सोसायटीच्या कार्यालयात पाहायला मिळतो.

तिथे गेलाच आहात तर गेल्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तेही मागा. गळती, टेरेसचा खर्च, कॉलमची दुरुस्ती हे सगळे सभेत निघते आणि लिहिलेही जाते. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. तीस वर्षांवरच्या इमारतीला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६५-अ लागू होते आणि नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र लागते. ऑडिट झाले असेल तर पूर्ण अहवाल तुमच्या माणसाच्या हातात द्या. शेवटच्या पानावरच्या शिक्क्यावर समाधान मानू नका.

नव्या फ्लॅटमध्ये तपासणी शेवटचा हप्ता आणि ताबा पावती यांच्या आधी करा. कार्पेट एरिया रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) व्याख्येने मोजून घ्या: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी सोडायची. दोषांची यादी फोटोंसह बिल्डरला ईमेलने पाठवा आणि पोच ठेवा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा सुविधांचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनाखर्च दूर करायचा असतो. तिथे पात्र अभियंत्याचा तारीख आणि वाचनांसह सही केलेला अहवाल उपयोगी पडतो. मोबाइलवरचे दोन फोटो अपुरे पडतात. जुना फ्लॅट घेत असाल आणि इमारतीचा ताबा पाच वर्षांच्या आतला असेल तर विकणाऱ्याकडून त्याची ताबा पावती मागून घ्या, मुदत तिच्यावरून मोजली जाते.

अहवाल हातात आल्यावर तपासणाऱ्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: लगेच काय करायचे, वर्षभरात काय करायचे, आणि कशावर नुसते लक्ष ठेवायचे. प्रत्येक दुरुस्तीचे परिमाण हवे, म्हणजे किती चौरस फूट प्लास्टर, किती मीटर पाइप. ते असले की दोन ठेकेदारांकडून भाव मागवता येतात आणि ती रक्कम किमतीतून वजा करायची बोलणी होऊ शकतात. काय पाहता आले नाही, तेही लिहिलेले असावे. पीओपीच्या छतामागे, बंद डक्टमध्ये, पायात कोणाची नजर पोचत नाही. 'सगळे तपासले, सगळे उत्तम' असे लिहून देणाऱ्याची सही धोक्याची.

इसार आधीच द्यावा लागत असेल, समोर दुसरे गिऱ्हाईक उभे आहे असे सांगितले जात असेल, तर रक्कम लहान ठेवा आणि इसार पावतीवर हे वाक्य घाला: 'खरेदीदाराने नेमलेल्या अभियंत्याच्या तपासणीत बांधकामाचा गंभीर दोष आढळल्यास आणि उभयतांत किमतीबाबत एकमत न झाल्यास, इसाराची संपूर्ण रक्कम सात दिवसांत परत केली जाईल.' वकिलाला दाखवून ते पक्के करून घ्या. विकणाऱ्याला तपासणीची तारीख, लागणारे तास आणि पाणी कोंडून ठेवायची गरज आधी सांगा. टेरेस, टाकी आणि ड्रेनेज चेंबर पाहायला सोसायटीच्या सचिवांची परवानगी लेखी घ्या. एवढे रीतसर विचारूनही जो मालक अभियंत्याला घरात येऊ देत नाही, त्याचे घर घेऊ नका.

आपले,
नाशिकमध्ये इमारतींच्या तपासणीचे काम करणारे काही स्थापत्य अभियंते